विस्मृताची कैफियत

आपल्या व्यथेचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार रोगी स्वतःच असतो, या एका गृहीतावर आजच्या रुग्णालयाचा सारा कारभार उभा आहे. काय होते, केव्हापासून होते, कुठे दुखते, कोणते औषध पूर्वी बाधले, हे प्रश्न केसपेपर उघडताच रोग्याला विचारले जातात ते त्याच भरवशावर. आणि ज्याचे स्मरण शाबूत आहे अशा माणसाच्या बाबतीत तो भरवसा बहुधा सार्थही ठरतो. परंतु ज्याची स्मृतीच खचत चालली आहे त्यालाही तेच प्रश्न, त्याच क्रमाने आणि त्याच घाईने विचारले जातात, आणि तो त्यांची उत्तरे देतो, यात खरा अनर्थ आहे. तो निरुत्तर झाला असता तर विचारणाऱ्याला निदान संशय तरी आला असता. पण जन्मभर कचेरीत साहेबी केलेला, इस्त्रीचा सदरा घालून आलेला हा गृहस्थ डॉक्टरांसमोर ताठ बसतो, ‘मी ठणठणीत आहे, हिलाच उगाच काळजी’ असे हसत म्हणतो, सकाळच्या गोळ्या घेतल्याचे छातीठोकपणे सांगतो, कोणत्याही औषधाचे वावडे नसल्याची ग्वाही देतो. आणि यातले एक अक्षरही तो फसवण्यासाठी बोलत नसतो, कारण स्मृतीतल्या रिकाम्या जागा मन आपल्या नकळत कल्पनेने भरून काढीत असते. ही उत्तरे कागदावर उतरतात, आणि एकदा कागदावर उतरलेले रुग्णालयात सत्य ठरते. पाठीमागे उभ्या असलेल्या पत्नीला ठाऊक असते की सल्फाच्या गोळीने यांच्या अंगावर पूर्वी चट्टे उठले होते आणि सकाळच्या गोळ्या अजून डबीतच आहेत. पण तिने तोंड उघडताच ‘आजी, पेशंटला बोलू द्या’ असे तिला बजावले जाते, किंवा अधिक सभ्य भाषेत बाहेरच्या बाकावर बसण्याची विनंती केली जाते.

त्या बाईचे बोलणे ऐकून घेणे हा माझ्या मते सौजन्याचा प्रश्न मुळी नाहीच. रक्ताची तपासणी टाळून केलेले निदान जितके अशास्त्रीय, तितकेच स्मृतिभ्रंशाच्या रोग्याबाबत त्याच्या सहचराची साक्ष टाळून केलेले निदान अशास्त्रीय होय. मात्र याच्या जोडीला दुसरीही एक गोष्ट मला तेवढ्याच आग्रहाने मांडायची आहे. साक्ष देण्याचा अधिकार निराळा आणि रोग्याच्या वतीने हुकूम सोडण्याचा अधिकार निराळा. आपल्याकडे यांतला पहिला अधिकार नाकारला जातो आणि दुसरा, कोणी मागितलेला नसताना, बहाल केला जातो. जिची हकीकत ऐकायला कोणाला सवड नव्हती, त्याच पत्नीपुढे अर्ध्या तासाने संमतीपत्र सरकवून ‘इथे सही करा’ असे सांगितले जाते. या उलट्या न्यायाची शहानिशा करणे हा या लेखाचा विषय आहे. आणि तो काही मूठभर घरांपुरता नाही, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे काढले आहे.

या रोगाच्या इतिहासातले पहिलेच गाजलेले प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला दाखल करण्यात आले, आणि आलोइस आल्झायमर या डॉक्टरने तिला प्रश्न विचारून तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. नाव विचारता ती ‘ऑगस्ट’ म्हणाली. आडनाव विचारले तरी ‘ऑगस्ट’. आणि पतीचे नाव विचारले तेव्हा बहुधा तेच असावे, असे म्हणाली. अशा उत्तरांतून आजाराचा पूर्वेतिहास उलगडणे अशक्यच होते, तेव्हा तो कळायचा कोणाकडून, तर रेल्वेत कारकून असलेल्या तिच्या पतीकडून. यात नियतीचा एक विलक्षण उपरोध आहे. आल्झायमरने पुढे जो वृत्तान्त प्रसिद्ध केला त्यात या बाईच्या आजाराचे प्रथम दिसून आलेले लक्षण म्हणून तिला पतीविषयी वाटू लागलेला मत्सर नोंदवला आहे. म्हणजे ज्याच्यावर आरोप होता, त्यालाच आरोप करणारीची कैफियत मांडणे प्राप्त होते.

सव्वाशे वर्षांनंतरही या परिस्थितीत फारसा फरक पडलेला नाही. ‘ही माझे पैसे चोरते’, ‘हिनेच मला इथे आणून टाकले’, असे रोगी सिस्टरांना कुजबुजत सांगतो, नवख्या सिस्टरांच्या नजरेत क्षणभर संशय डोकावतो, आणि ज्या माणसाची विष्ठा काढण्यापासून त्याला घास भरवण्यापर्यंत सर्व काही जी करते तिला त्या नजरेखाली उभे राहून, कोणताही राग न दाखवता, आपले म्हणणे मांडावे लागते. शिवाय ते मांडायचे ते त्याच्यादेखत. नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडणे ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या पिढीतील स्त्रीला मनातूनच पटत नाही, आणि ती पटू नये यात मला काही कमीपणाही वाटत नाही. कारण स्मृती गेली तरी मानापमानाची जाणीव पुष्कळ काळ शिल्लक राहते, आणि ‘नाही हो डॉक्टर, यांना काही आठवत नाही’ हे वाक्य ऐकताना त्या माणसाचा चेहरा कसा उतरतो हे ज्याने पाहिले आहे तो ते पुन्हा उच्चारणार नाही. यावर तोडगा एकच, आणि तो जुन्या कचेऱ्यांना चांगला परिचित होता. तोंडी जाबजबाबापेक्षा लेखी निवेदन बरे. एका पानावर, मोठ्या अक्षरांत, रोज चालू असलेली औषधे, बाधलेली औषधे, पूर्वीची ऑपरेशने, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, आणि दोन महिन्यांपूर्वी हा माणूस स्वतः काय काय करू शकत होता व आज काय करू शकत नाही याची हकीकत लिहून ते पान तपासणीच्या आधी सिस्टरांच्या हाती द्यावे आणि केसपेपरला लावून घ्यावे. डॉक्टरांनी ते वाचून रोग्याला हवे ते विचारावे. कोणाचाच पाणउतारा होत नाही.

यातला शेवटचा भाग, म्हणजे कालचा माणूस आणि आजचा माणूस यांतला फरक, हा सर्वांत मोलाचा असतो, आणि तो सांगू शकणारी व्यक्ती रुग्णालयाच्या भिंतींच्या आत दुसरी कोणी नसते. जुनी माणसे ज्याला ‘वात झाला’ म्हणत आणि आजचे डॉक्टर ‘डिलिरिअम’ म्हणतात, ती अवस्था स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला फार लवकर गाठते. मूत्रमार्गाचा संसर्ग, कोठा साफ न होणे, रक्तातले सोडियम उतरणे, अथवा नुकतीच सुरू झालेली एखादी साधी गोळी, एवढे निमित्त तिला पुरते. ती अवस्था उपचाराने पुष्कळदा हटते. स्मृतिभ्रंश हटत नाही. आता रात्रपाळीचा निवासी डॉक्टर, ज्याने या रोग्याला आयुष्यात प्रथमच पाहिले, तो फायलीवरचा ‘डिमेन्शिया’ हा शब्द वाचतो, पलंगावर बरळणारा म्हातारा पाहतो आणि दोहोंचा मेळ घालून पुढच्या खाटेकडे वळतो. त्याला मी फारसा दोष देत नाही. पण १९९० साली शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वात ओळखण्याची जी पद्धत सिद्ध केली आणि जी आज जगभर वापरली जाते, तिचा पहिलाच निकष असा आहे की मनःस्थितीतला बदल एकाएकी झाला काय आणि तो दिवसभरात कमीजास्त होतो काय. आणि या प्रश्नाचे उत्तर ना नाडी देते, ना स्कॅन देतो. ते ‘अहो, हे काल असे नव्हते’ या पत्नीच्या वाक्यात असते. अनेक घरांचा अनुभव असा आहे की, हे वाक्य तिला तीन तीन पाळ्यांतल्या तीन तीन माणसांपुढे उच्चारावे लागते तेव्हा कुठे लघवीचा नमुना तपासायला जातो.

न जाईल तर काय होते? रात्री ओरडणाऱ्या रोग्याला शांत करण्याचे इंजेक्शन दिले जाते. अशा औषधांची कधी गरज पडतच नाही असे मी म्हणत नाही. पण स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत त्यांच्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २००५ सालीच औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापायला लावला, आणि ‘लुई बॉडी’ नावाच्या स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलसारखे औषध रोग्याला अक्षरशः लाकडासारखा ताठ करू शकते. ‘इंजेक्शन कशाचे आहे आणि कशासाठी?’ एवढे विचारण्याला उद्धटपणा समजण्याची जी प्रथा काही वॉर्डांत आहे ती मोडली पाहिजे.

दुखण्याची कथा याहून करुण आहे. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांचा अभ्यास होऊन तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, स्मृतिभ्रंश बळावलेल्या रोग्यांना मिळालेले वेदनाशामक मॉर्फिन हे बुद्धी शाबूत असलेल्या रोग्यांच्या मानाने एक-तृतीयांशच होते. हाड तेच, मोडणेही तेच. उणीव होती ती फक्त ‘दुखते आहे’ हे शब्द जुळवण्याची. पुढे श्वास, कण्हणे, चेहऱ्याचे भाव, अंगाची ठेवण आणि समजावल्याने शांत होणे या पाच खुणांवरून वेदना मोजण्याची रीत निघाली, आणि ती चांगली आहे. तथापि प्रत्येक माणसाची वेदना सांगण्याची लिपी वेगळी असते, कोणी ओठ चावतो, कोणी आईला हाक मारतो, कोणी नुसताच चादरीचा काठ कुरतडत राहतो, आणि ही लिपी वाचायला ज्याने चाळीस वर्षे घालवली आहेत त्याला बाहेर बसवून पाच खुणांचा तक्ता भरणे म्हणजे दुभाष्याला दाराबाहेर ठेवून परकी भाषा ऐकण्यासारखे आहे.

भाषेचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. स्मृतीची जी तीस गुणांची परीक्षा १९७५ सालापासून जगभर रूढ आहे ती घेताना मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत प्रश्न पुष्कळदा हिंदीत किंवा इंग्रजीत विचारले जातात, आणि मागाहून शिकलेली भाषा या रोगात बहुधा आधी निसटते. ‘आज तारीख कोणती?’ या प्रश्नाला गप्प बसणारी कोकणातली आजी ‘उद्या चतुर्थी’ हे अचूक सांगते. हरियाणातल्या बल्लभगढ भागात काम करणाऱ्या संशोधकांना हे कळले होते, म्हणून त्यांनी निरक्षर खेडुतांसाठी ती परीक्षा हिंदीत नव्याने बेतून १९९५ साली प्रसिद्ध केली. आपल्या वॉर्डात ते शहाणपण पोहोचेपर्यंत ‘सिस्टर, मी मराठीत विचारते, तुम्ही उत्तर ऐका’ असे म्हणणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

आता डॉक्टरांच्या बाजूचे ऐकू. ते म्हणतात की, नातेवाईक एक असेल तर ऐकता येते, पण इथे खाटेभोवती अकरा असतात. त्यांतला प्रत्येक जण मोबाईलवर वाचलेले काहीतरी सांगतो, दोघांची मते परस्परविरुद्ध असतात, आणि रोगी दगावला की यांतलेच काही काचा फोडतात. हे म्हणणे खोटे नाही. रुग्णालयांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाच्या दृष्टीने लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. आणि त्या आरडाओरडीचा सर्वांत मोठा तोटा कोणाला झाला असेल तर तो हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांना, कारण तेव्हापासून बोलणारा प्रत्येक नातेवाईक वैद्यकाला संभाव्य दंगेखोर दिसू लागला. म्हणून कुटुंबाने आपसांत ठरवून बोलणारा माणूस एकच ठेवावा, ही मागणी रास्तच आहे.

पण तो एक माणूस निवडतो कोण आणि कोणत्या निकषावर? अनुभव असा की रुग्णालय त्याला निवडते ज्याला इंग्रजी येते, किंवा ज्याच्या नावाने बिल निघते. न्यू जर्सीत असलेल्या मुलाला मोठे डॉक्टर फोनवर वीस मिनिटे सर्व समजावून सांगतात. तो गेल्या दिवाळीनंतर वडिलांना भेटलेला नसतो. ज्या बाईला यांच्या शौचाची वेळ, झोपेची कूस आणि गोळी गालात दडवण्याची खोड माहीत आहे ती त्या वीस मिनिटांत खालच्या मेडिकलमधून सलाईनचा संच आणायला गेलेली असते. ब्रिटनमध्ये २०१४ साली निकी जेरार्ड आणि ज्यूलिया जोन्स या दोन लेखिकांनी एक चळवळ सुरू केली, तिला निकीबाईंच्या वडिलांचे नाव दिले. पायाच्या जखमांसाठी दाखल झालेले ते वृद्ध गृहस्थ, भेटीच्या वेळांवर निर्बंध असल्यामुळे आपल्या माणसांपासून तुटले, आणि पाच आठवड्यांनी घरी आले ते चालणे-बोलणे गमावूनच. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याजवळ त्याच्या माणसाला राहू द्या, एवढीच त्या चळवळीची मागणी होती. आपल्या सर्वसाधारण वॉर्डांत ही मागणी ऐकून लोक हसतील. येथे नातेवाईकाला आत येण्यासाठी झगडावे लागत नाही, उलट तो पाच मिनिटे दिसला नाही तर ‘पेशंटचे नातेवाईक कुठे आहेत?’ असा पुकारा होतो. त्याने बेडपॅन द्यायचे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायचे, मामा-मावशींच्या हाताखाली राबायचे आणि कॅशलेसच्या खिडकीपुढे ताटकळायचे. हमालीचा हक्क आम्हाला जन्मतःच आहे. साक्षीचा मिळवायचा आहे.

आणि आता दुसरी बाजू, जी सांगताना पत्नी-पतींच्या पक्षातले माझे वाचक नाराज होतील. वकील अशिलाचे म्हणणे मांडतो, स्वतःचे नव्हे. सहचराने आपले सारे सामर्थ्य या एकाच रेषेत ठेवले पाहिजे, आणि ही रेष पाळणे फार कठीण आहे. कारण तो दमलेला असतो, त्याची झोप मोडलेली असते, पैसे सरत आलेले असतात, आणि चाळीस वर्षांच्या संसारात कोणाचे कोणाशी कितपत पटले याचा हिशेब कोणत्याही केसपेपरवर नसतो. स्मृतिभ्रंश म्हणजे सर्वस्वी निर्बुद्धता नव्हे. चालू साल सांगू न शकणारा माणूस ‘नाकातली नळी मला नको’ हे पूर्ण समजून सांगू शकतो. प्रत्येक निर्णयाची पात्रता त्या त्या निर्णयापुरती पाहावी, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य होत आहे. ती नळी तो पुन्हा पुन्हा उपसतो, म्हणून त्याचे हात बांधले जातात, आणि हात बांधायला परवानगी देतो तो बहुधा आपणच, ‘पोटात काही गेलेच पाहिजे’ या मायेपोटी. वस्तुतः रोग पार पुढे गेल्यावर नळीने आयुष्य वाढते असा पुरावा नाही, आणि अमेरिकेतील जराचिकित्सकांची संस्था अशा अवस्थेत नळीऐवजी हाताने, जमेल तेवढेच भरवावे असा स्पष्ट सल्ला देते. तिथे विचारायचा प्रश्न ‘मला काय बघवत नाही’ हा नसून ‘यांनी काय म्हटले असते’ हा आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्या इच्छेच्या उलट येते.

कायद्याने या बाबतीत आपल्याला अर्ध्या वाटेत सोडले आहे. शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय देऊ शकणाऱ्या प्रौढ रोग्याच्या वतीने आईसुद्धा संमती देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या २००८ च्या खटल्यात सांगितले. पण ज्याची निर्णयशक्ती परत येणारच नाही त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला कोणी संमती द्यायची, याबद्दल स्पष्ट व्यवस्था कुठल्याच कायद्यात नाही. पुष्कळ कुटुंबे दूरदृष्टीने कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. त्यांना हे कोणी सांगत नाही की १८७२ च्या करार कायद्यानुसार, ते करून देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारी संपुष्टात येते; म्हणजे तो दस्तऐवज नेमका लागेल त्याच दिवशी रद्दी होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवण्याचा अधिकार दिला आणि त्यातील आजाराच्या व्याख्येत स्मृतीचाही समावेश केला, हे स्वागतार्ह. परंतु त्या प्रतिनिधीचा अंमल मानसिक उपचारांपुरता, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या उपचारांना तो लागू नाही. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली आणि २०२३ मध्ये सुलभ केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते पत्र होते. बाकी राहिले उच्च न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मिळवणे, जे मलबार हिलवर राहणाऱ्याला जमेल आणि मालवणच्या मच्छीमाराला जमणार नाही.

येथवर मी बहुतेक ठिकाणी पतीला रोगी आणि पत्नीला बोलणारी धरले, ते सोयीसाठी. प्रत्यक्षात या रोगाने ग्रस्त झालेल्यांत स्त्रियांचेच प्रमाण अधिक आहे, आणि तेव्हा बोलण्याची पाळी ज्या पतीवर येते त्याच्यापाशी सांगायला काय असते? तिच्या गोळ्यांचे रंग त्याला ठाऊक नसतात. तिची पाळी केव्हा थांबली, तिला कोणते दुखणे किती वर्षे होते आणि त्यासाठी ती देवघरातल्या डबीतून काय काढून घेत असे, हे त्याने कधी विचारलेले नसते, कारण तिने कधी सांगितलेले नसते. डॉक्टर विचारतात आणि हा सुनेकडे पाहतो. अशा गृहस्थाला माझे सांगणे इतकेच की, निदान झाले त्या आठवड्यातच, ती सांगू शकते तोवर, वही घेऊन तिच्यापाशी बसावे आणि तिलाच विचारावे: काय सोसत नाही, काय आवडत नाही, कोणी जवळ असावे, अखेरीस काय करू नये. मुलांना त्या वेळी बाहेर ठेवावे. ती म्हणेल की तुम्हाला काय कळतंय यातलं. तेही लिहून घ्यावे, आणि ‘अखेरीस तुम्ही नको, माझी धाकटी बहीण असू दे’ असे म्हणाली तर तेही.